नव्या वाद्याची निवड

घरांत एखादें वाद्य आणावयाचें म्हणजे पूर्वीं तें एकट्यादुकट्याचें काम नसे. पेटी घ्यावयाची असल्यास सूर जाणणारा एखादा गृहस्थ बरोबर नेत. तो भाता ओढून, एकेक पट्टी दाबून, हवा कोठें गळते कीं काय हें पाही, आणि मगच पैशांची गोष्ट निघे. तबल्याची जोडी घेतांना शाई, वादी आणि खोडाचें लांकूड यांची परीक्षा होई. ग्रामोफोन घेतांना तर वडील मंडळींत चार दिवस खल चाले, आणि यंत्राआधीं तबकड्यांची यादी तयार होई. या रीतींत वेळ फार जाई हें खरें. परंतु वाद्य घरांत आलें म्हणजे तें सगळ्या घराचें होऊन येई. अलीकडे नवीं यंत्रें घरांत येतात तीं बहुधा बंद खोक्यांतून, एकाच माणसाच्या नांवानें, आणि त्यांत आहे काय हें इतरांस कळण्यापूर्वींच त्यांच्याविषयीं घरांत दोन पक्ष पडलेले असतात.

गेल्या वर्षीं आमच्या घरींही असे दोन पक्ष पडले. आमचा नातू महाविद्यालयाच्या दुसऱ्या वर्षांत शिकतो. त्यानें एके दिवशीं ‘मला डीजेचें यंत्र घ्यावयाचें आहे’ असें वडिलांस सांगितलें. चिरंजीवांनीं पुढचा शब्द ऐकून न घेतां नकार दिला. त्या नकारास कारणही तसेंच होतें. आमचें कुटुंब एकत्र आहे, आणि खालच्या मजल्यावर आमचे वडील बंधु राहतात. त्यांच्या हृदयावर शस्त्रक्रिया झालेली आहे. त्याच्या आदल्या वर्षींच विसर्जनाची एक मिरवणूक आमच्या गल्लींतून गेली, तेव्हां खिडक्यांचीं तावदानें थरथरत होतीं आणि आमच्या बंधूंस मागील दारानें एका आप्तांच्या घरीं न्यावें लागलें होतें. नातवाची मागणी कानीं पडतांच ते म्हणाले, “ज्या आवाजामुळें मला घर सोडावें लागलें, तोच आतां घरांत आणतां काय?” यावर कोणीं काय बोलावें? मुलानें सर्वांबरोबर जेवावयास बसणें सोडलें. पुढें आठवड्याभरांत सूनबाई आमच्याकडे येऊन हळूच म्हणाल्या, “मामंजी, तो एका मित्राच्या नांवावर हप्त्यांनीं यंत्र घ्यावयाच्या विचारांत आहे. तुम्हींच त्याच्याशीं बोला.”

गोष्ट येथवर आल्यावर तिचें स्वरूप पालटलें. आवाजाचा प्रश्न एक वेळ दाराला कडी लावून सुटला असता. परंतु वीस वर्षांच्या मुलानें घरच्यांपासून चोरून पहिलें ऋण काढावें, ही गोष्ट आम्हांस त्या आवाजाहून अधिक गंभीर वाटली. आम्हीं त्यास बोलाविलें आणि म्हटलें, “तुझें यंत्र काय आहे तें आधीं आम्हांस समजावून दे. आम्हीं छत्तीस वर्षें मुलांस शिकविलें, आतां तूं आम्हांस शिकव.” त्यानंतर पुष्कळ संध्याकाळीं आम्हीं दोघे या विषयाचा अभ्यास करीत बसलों. त्यांतून जें हातीं लागलें, तें अशाच पेंचांत सापडलेल्या इतर कुटुंबांच्या उपयोगीं पडावें म्हणून येथें देतों.

पहिली गोष्ट शब्दाची. आपल्याकडे ‘डीजे’ म्हटलें कीं मालमोटारीवर रचलेली कर्ण्यांची भिंत डोळ्यांपुढें येते. मूळ शब्दाचा अर्थ निराळा आहे. ‘डिस्क’ म्हणजे तबकडी आणि ‘जॉकी’ म्हणजे शर्यतीच्या घोड्यावरचा स्वार. तेव्हां डीजे हें यंत्राचें नांव नसून माणसाचें नांव आहे, आणि ज्या भिंतीस आपण डीजे म्हणतों, ती केवळ ध्वनिक्षेपकांची रास होय. तबकडीस्वाराची विद्या एक गाणें संपण्यापूर्वीं दुसरें गाणें त्याच लयींत, समेवर सम ठेवून, ऐकणारास सांधा न कळेल अशा रीतीनें जोडण्याची आहे. तीस मोठ्या आवाजाची गरज नाहीं; ती कानांस लावावयाच्या हेडफोनवरही पुरी शिकतां येते. हें कळल्यावर घरांतील अर्धें भांडण ज्या वस्तूविषयीं होतें, ती वस्तु मुलानें मागितलीच नव्हती, असें आमच्या ध्यानीं आलें.

भिंतीविषयीं कायदाही स्पष्ट आहे. ध्वनिप्रदूषणाविषयींच्या २००० सालच्या नियमांप्रमाणें राहत्या वस्तींत दिवसा ५५ आणि रात्रीं ४५ डेसिबेल ही आवाजाची मर्यादा आहे. रात्रीं १० पासून सकाळीं ६ पर्यंत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावण्यास मनाई आहे. राज्यसरकारास वर्षांतून फार तर १५ दिवस ही वेळ मध्यरात्रीपर्यंत वाढवितां येते. सर्वोच्च न्यायालयानें १८ जुलै २००५ रोजीं या विषयावर विस्तृत निर्णयही दिलेला आहे. नियम पाळले जातात किंवा नाहीं हा प्रश्न निराळा. परंतु ज्यास ही विद्या शिकावयाची आहे, त्यानें पहिला पाठ म्हणून हे आंकडे मुखोद्गत करावे, असें आम्हीं नातवास सांगितलें आणि त्यानें ते केले.

या विद्येचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. ११ ऑगस्ट १९७३ रोजीं न्यूयॉर्क शहराच्या ब्राँक्स भागांत, सेजविक ॲव्हेन्यूवरील १५२० क्रमांकाच्या इमारतींत, एका मुलीनें समारंभ योजिला होता. तिचा भाऊ क्लाइव्ह कँबेल हा तेथें तबकड्या लावीत होता. त्याचा जन्म जमैका बेटांतला, वय अठरा. पुढें तो ‘कूल हर्क’ या नांवानें प्रसिद्धीस आला. गाण्यांतील ज्या तुकड्यांत गायन थांबून केवळ तालवाद्यें वाजतात, तेथें नाचणारांस अधिक उल्हास येतो, हें त्यानें हेरलें होतें. पण तो तुकडा पडे अवघ्या कांहीं क्षणांचा! म्हणून एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन यंत्रांवर ठेवून, एकीवरचा तुकडा संपतांच दुसरीवर तोच आरंभीं आणावयाचा, अशी युक्ति त्यानें योजिली. आपल्याकडे कीर्तनांत बुवा एक चरण घोळवितात आणि मृदंगवाला तो धरून ठेवतो, त्यांतलाच हा प्रकार म्हणावयाचा. भेद इतकाच कीं, येथें धरून ठेवावयाची ती तबकडी.

हें साधावयास यंत्रही तसेंच लागतें. जुन्या यंत्रांत फिरती थाळी रबरी पट्ट्यानें फिरविली जाई. हातानें ती थांबविली तर पट्टा ताणला जाई आणि सोडल्यावर पूर्वीचा वेग यावयास विलंब लागे. जपानांतील मात्सुशिता कंपनीचे अभियंते शुइची ओबाता यांनीं पट्टा काढून टाकून थाळी थेट मोटारीवर बसविली. या पद्धतीचें यंत्र १९७० सालीं बाजारांत आलें, आणि १९७२ सालीं त्याच कंपनीनें ‘टेक्निक्स एसएल-१२००’ हें यंत्र काढलें. १९७९ च्या सुधारलेल्या आवृत्तींत वेग शंभरीं आठपर्यंत कमीअधिक करणारी सरकती पट्टी बसविली गेली. घरच्या श्रोत्यांसाठीं केलेलें तें यंत्र तबकडीस्वारांनीं आपलेंसें केलें. २०१० सालीं कंपनीनें तें बंद केलें. परंतु मागणी ओसरेना, तेव्हां २०१६ सालीं पुन्हा काढलें.

ती सरकती पट्टी हें या विद्येचें मर्म आहे. एका गाण्याचे मिनिटाला १२० ठोके आहेत आणि दुसऱ्याचे १२६. पहिलें शंभरीं पांच जलद केलें कीं दोन्ही समान झालीं. परंतु १०० ठोक्यांचें गाणें १२६ वर न्यावयाचें तर शंभरीं २६ चा फरक पडतो. तेथें स्वर विचित्र होतात आणि ओढाताण कानांस कळते. म्हणून मुळांत कोणतें गाणें कोणत्याजवळ बसेल याची निवड ही खरी विद्या. पट्टी तिची दासी. आपल्या शास्त्रांत विलंबित, मध्य आणि द्रुत अशा तीन लयी सांगितल्या आहेत. या मुलांस त्या ठोक्यांच्या आंकड्यांत मोजाव्या लागतात, एवढाच काय तो फरक. त्यांच्या गाण्यांत चार ठोक्यांचा एक खंड आणि बहुधा आठ खंडांचें, म्हणजे ३२ ठोक्यांचें, एक आवर्तन असतें. ज्यानें लहानपणीं त्रितालाच्या १६ मात्रा हातावर मोजल्या आहेत, त्यास हा हिशेब सांगावा लागत नाहीं. नातवास तो आम्हीं जेवणाच्या पाटावर बोटें वाजवून शिकविला.

आतां प्रत्यक्ष खरेदीकडे वळूं. आज नवशिक्यानें जें घ्यावयाचें, त्यास कंट्रोलर म्हणतात. हा एक चपटा फलक असतो. त्यांत गाणीं नसतात. गाणीं संगणकांत असतात, आणि फलकावरील चकत्या, पट्ट्या व कळा हातानें हालविल्या कीं त्याप्रमाणें संगणकांतील कार्यक्रम चालतो. दोन बाजूंस दोन चकत्या म्हणजे जुन्या दोन थाळ्या, आणि मध्यें दोन्ही प्रवाह कमीअधिक करणारा मिश्रक, अशी त्याची रचना असते. ज्याच्या घरीं बऱ्यापैकीं संगणक आहे, त्यास खरोखरीच्या दोन थाळ्या, निराळा मिश्रक आणि तबकड्यांचा संग्रह यांवर अवाढव्य खर्च करण्याचें कारण नाहीं.

असा फलक पारखतांना आम्हीं पुढील गोष्टी पाहिल्या. सर्वांत महत्त्वाची अशी कीं, ध्वनि बाहेर पडण्याचे मार्ग दोन असले पाहिजेत. एक श्रोत्यांकडे जाणारा आणि दुसरा वाजविणाराच्या कानीं. श्रोते पहिलें गाणें ऐकत असतांना वाजविणारानें दुसरें गाणें एकट्यानें ऐकून जुळवून ठेवावयाचें असतें. कांहीं अगदीं स्वस्त फलकांत ही सोय अंगभूत नसते, वरून निराळी तार घ्यावी लागते. तेव्हां खोक्यावरील किंमत पाहून हुरळून जाऊं नये. दुसरी गोष्ट, प्रत्येक बाजूस खर्ज, मध्यम आणि तार या तीन भागांच्या आवाजासाठीं तीन निराळ्या खुंट्या असाव्या. दोन गाण्यांचे खर्जाचे ठोके एकाच वेळीं वाजले कीं सगळा गोंगाट होतो. एकाचा खर्ज उतरवीत दुसऱ्याचा चढवावा लागतो. तिसरी गोष्ट, वेगाची पट्टी बोटभर तरी लांब असावी, कारण आंखूड पट्टीवर सूक्ष्म फरक साधत नाहीं. चौथी गोष्ट म्हणजे फलकाबरोबर मिळणारा संगणकीय कार्यक्रम. तो पुरा आहे कीं अर्धा, आणि उरलेल्या अर्ध्यासाठीं दरमहा पैसे भरावे लागतात काय, हें आधींच विचारावें. दोनच गाण्यांची सोय असलेला फलक नवशिक्यास पुरतो. चार गाण्यांच्या सोयीचे दाम देणें म्हणजे मुळाक्षरें गिरविणारास महाकोश घेऊन देण्यासारखें आहे.

नांवेंच सांगावयाचीं तर पायोनियरचा ‘डीडीजे-४००’ आणि त्याच्या जागीं २०२२ सालीं आलेला ‘डीडीजे-एफएलएक्स४’ हे नवशिक्यांत सर्वांच्या परिचयाचे आहेत. हर्क्युलिसच्या ‘इनपल्स ३००’ या फलकावर वेग वाढवावा कीं कमी करावा हें दाखविणारे लहान दिवे असतात. कान तयार झाला कीं ते विझवून टाकतां येतात, ही गोष्ट आमच्यांतील मास्तरास फार आवडली. न्यूमार्कचा ‘डीजे-टू-गो-टू’ हा तर दप्तरांत मावेल इतका लहान आहे. त्याच्या पट्ट्या अर्थातच आंखूड आहेत. या सर्वांवर एक कळ अशी असते कीं, ती दाबतांच यंत्र आपण होऊन दोन्ही लयी जुळवितें. मग कानाची गरज काय, असें आम्हीं विचारलें. त्यावर नातवानें एक जुनें नाट्यपद आणि एक नवें चित्रपटगीत लावून ती कळ दाबली. जुळेना! जुन्या ध्वनिमुद्रणांत तबलजी जिवंत माणूस. त्याची लय गाण्याच्या ओघांत किंचित् वाढते, किंचित् उतरते. यंत्रानें आरंभीं केलेलें माप पुढें चुकत जातें. तेथें कानच लागतो.

हेडफोनवर मात्र काटकसर करूं नये, हें आमचें ठाम मत झालें. कान पुरा झांकणारा आणि बाहेरचा आवाज आंत न येऊं देणारा असा तो असावा. नाहीं तर बाहेरच्या गलक्यावर मात करण्यासाठीं मूल आंतील आवाज वाढवीत जातें. ८५ डेसिबेलचा आवाज दिवसाकाठीं आठ तास सोसावा, आणि त्यापुढें दर ३ डेसिबेलांस काळ निम्मा करावा, असा एक मान्य हिशेब आहे. म्हणजे ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, आणि १०० ला अवघीं पंधरा मिनिटें. कानांतील सूक्ष्म पेशी एकदां मेल्या कीं पुन्हा उगवत नाहींत. गायकाचा गळा बसला तर उतार पडतो. या विद्येंत कान गेला म्हणजे विद्याच गेली.

दुकानांत आम्हीं दोघे मिळून गेलों. तेथील गृहस्थांनीं मोठ्या अगत्यानें मोठा फलक, दोन उंच ध्वनिक्षेपक आणि रंगीत दिवे असा सारा संच पुढें मांडला. ‘हप्त्यांनीं घ्या, जाणवणारही नाहीं’ असें ते म्हणाले. आम्हीं केवळ लहान फलकाचाच हिशेब मागितला. रोख किंमत ३२,००० रुपये. हप्ता ३,०५० रुपयांचा, असे बारा. बेरीज ३६,६००. म्हणजे ४,६०० रुपये अधिक, शंभरीं चौदाहून थोडे जास्त. परंतु मुद्दल तर दरमहा फिटत असतें. वर्षभर सारे पैसे आपल्याकडे राहतच नाहींत. हें ध्यानीं घेतलें तर व्याजाचा खरा दर शंभरीं पंचविसाच्या आसपास जातो. हा हिशेब आम्हीं दुकानाबाहेरच्या बांकावर बसून कागदावर मांडला. मित्राच्या नांवावर ऋण काढावें कीं नाहीं याविषयीं आम्हांस एक अक्षरही बोलावें लागलें नाहीं. मुलानें कागद घडी करून खिशांत ठेवला आणि पुढें तो विषय कधीं काढला नाहीं.

त्यानंतर आम्हीं घरांत एक तोड सुचविली. ‘मिक्स’ नांवाचा एक संगणकीय कार्यक्रम मोफत मिळतो, आणि फलकावांचूनही तो संगणकाच्या कळांवर चालवितां येतो. त्यावर दोन महिने रोज अभ्यास करावा. उत्साह टिकला तर यंत्र घ्यावें. घरांत ध्वनिक्षेपक मुळींच आणूं नये. आणि किंमतींतील कांहीं भाग मुलानें स्वतः मिळवावा. चिरंजीवांनीं ‘पाहूं’ म्हटलें. आमच्या बंधूंनीं ध्वनिक्षेपकाचें कलम दोनदां वाचवून घेतलें. दोन महिने झाले, तिसराही गेला. मुलगा रात्रीं कानांस हेडफोन लावून बोटांवर बत्तीस मोजीत बसलेला दिसे. शेजारच्या दोन मुलांस गणित शिकवून त्यानें ६,००० रुपये जमविले.

शेवटीं फलक आम्हीं वापरलेला घेतला. जुना फलक घेणें वाईट नाहीं, पण पारख हवी. प्रत्येक पट्टी सावकाश वरखालीं करून खरखर ऐकावी. तारेचें तोंड हालवून संबंध तुटतो काय तें पाहावें. दोन्ही चकत्या फिरवून हात लावतांच त्या दाद देतात कीं नाहीं हें तपासावें. आणि आपल्या संगणकाच्या आजच्या प्रणालीवर तो चालतो काय, याची विकणाराच्या समोरच खात्री करून घ्यावी. नोकरीसाठीं परगांवीं निघालेल्या एका तरुणाकडून तो आम्हांस १६,००० रुपयांस मिळाला. नवा हेडफोन ४,००० चा. एकूण २०,०००, त्यांपैकीं ६,००० मुलाचे, बाकीचे आमच्या निवृत्तिवेतनांतले. ध्वनिक्षेपक नाहीं, दिवे नाहींत, ऋण नाहीं.

मागील मार्गशीर्षांत घरांत एका मुलीचा साखरपुडा झाला, तेव्हां एका लहान सभागृहांत नातवानें गाणीं लावलीं. फोनवरील आवाज मोजण्याचें साधन त्यानें टेबलावर ठेवलें होतें; तें अचूक नसलें तरी अंदाज देतें. आमचे वडील बंधु मुद्दाम दाराजवळची खुर्ची धरून बसले होते, आणि शेवटपर्यंत बसून राहिले. घरीं आल्यावर ते इतकेंच म्हणाले, “मधलें नाट्यपद तूं फार लवकर तोडलेंस.” ही टीका नातवानें वहींत लिहून ठेविली आहे. तो सर्वांबरोबर जेवतो. मिरवणुकीच्या मोटारीवर बसून वाजवावयाचें नाहीं असें त्याच्या वडिलांचें म्हणणें आहे. आवाज मर्यादेंत ठेवणारें मंडळ मिळालें तर बसावयास काय हरकत, असें त्याचें. या एका बाबतींत बापलेकांचें अद्याप एकमत झालेलें नाहीं, आणि तो वाद आम्हीं त्यांचा त्यांस सोडविण्यास ठेवला आहे. पैसे घेऊन सार्वजनिक ठिकाणीं गाणीं वाजवावयाचीं तर हक्कदारांचा परवाना लागतो, एवढें मात्र आम्हीं दोघांच्याही कानावर घालून ठेविलें आहे.

ज्या घरांत असा प्रश्न आज ना उद्यां निघेल, त्या घरांतील वडील मंडळींस आमची एवढीच विनंति आहे. हो किंवा नाहीं म्हणण्यापूर्वीं, मूल नेमकें काय मागत आहे हें त्याच्याजवळ बसून पाहावें. मोफत साधनावर दोनतीन महिने जाऊं द्यावे. मग दोन बाजूंचा, दोन ध्वनिमार्गांचा, तीन तीन खुंट्यांचा साधा फलक पाहावा. हेडफोन चांगला घ्यावा. ध्वनिक्षेपकाची घाई करूं नये. आणि हप्त्यांची बेरीज मुलाच्याच हातून करवून घ्यावी.